नागपूरहून पावणेदोन तास

‘किलोमीटर नक्को. मिनिटें सांग.’

कुठलंही अंतर कानावर पडलं की अक्कांचं हे ठरलेलं. चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्याच्या तोंडाकडे थेट पाहायचं आणि उत्तर येईपर्यंत नजर हलवायची नाही. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, राहतेस कुठे. मी म्हटलं, पूनमल्लीला, इथून पंधराएक किलोमीटर. चष्मा वर गेला. मला मिनिटांत सांगता येईना, कारण त्या रस्त्याला सकाळी एक वेळ लागतो आणि संध्याकाळी दुसराच. तसं म्हटल्यावर त्या खूश झाल्या. ‘सेरी, बरें. म्हणजे तुला कळतें,’ म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

ती खुर्ची पुढे माझीच झाली. माझा नवरा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याच्या नोकरीपायी आम्ही सांगली सोडून चेन्नईला आलो आणि मला एका मोठ्या खाजगी रुग्णालयात दुभाषी म्हणून काम मिळालं. महाराष्ट्रातून इथे हृदय, फुप्फुसं, यकृत बदलून घ्यायला बरेच जण येतात. त्यांना तमीळ येत नाही, इथल्या डॉक्टरांना मराठी येत नाही. मधे मी.

अक्का तिथे प्रत्यारोपणाचं सगळं जुळवून आणणाऱ्या अधिकारी होत्या. कुठल्यातरी गावात मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी अवयव द्यायला होकार दिला, आणि तो अवयव आमच्या रुग्णाला लागू पडतोय असं ठरलं, की पुढचं काम अक्कांचं. तिकडचं रुग्णालय, विमान, रस्ता मोकळा ठेवणारे पोलीस, रुग्णवाहिका, आमचं ऑपरेशन थिएटर, या सगळ्यांशी एकाच वेळी बोलायचं. सगळे त्यांना अक्काच म्हणत, थोरले सर्जनसुद्धा.

घराणं तंजावरकडच्या मराठी लोकांचं. कितीतरी पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यांची मराठी ऐकून मी सुरुवातीला गोंधळलेच. ‘जेवण जालें कीं?’, ‘बैस, उभी कां?’ मधेच एखादा तमीळ शब्द, आणि सगळ्याला तमीळचा हेल. एखादी बखर साडी नेसून समोर बसली आहे असं वाटायचं. माझी मराठी त्यांना तितकीच विचित्र वाटे. तुम्ही तिकडचे लोक अर्धा शब्द बोलता आणि अर्धा गिळता, असं त्यांचं म्हणणं.

लग्न केलं नव्हतं. अंबत्तूरला दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. बहीण तंजावरला होती. त्या बहिणीच्या मुलीला चेन्नईच्याच दुसऱ्या टोकाच्या सिरुसेरीचं स्थळ आलं, मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत, तेव्हा अक्कांनी मोडता घातला होता. त्यांचा हिशेब सरळ होता. अंबत्तूरहून सिरुसेरीला पोचायला जितका वेळ लागतो त्यात बंगळूरचं विमान उतरून प्रवासी बाहेर आलेला असतो. मग मुलगी बंगळूरलाच द्यावी, निदान हवा तरी थंड. लग्न अखेर सिरुसेरीलाच झालं. अक्का लग्नाला सगळ्यांच्या आधी पोचून बसल्या होत्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं काम त्यांच्या बोलण्याचालण्यात उतरलेलं असतं. अक्कांचं वेळेचं वेड मला आधी गमतीचं वाटलं. पुढे त्यांच्या शेजारी बसून कळलं, की शरीराबाहेर काढलेल्या हृदयाला जेमतेम चार तास मिळतात. कोइमतूर एक तास, नागपूर पावणेदोन तास, पुणेही तेवढंच, असं आपण म्हणतो ते तिकिटावरचं. हृदय बाहेर निघाल्यापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, मग उड्डाण, मग इथला रस्ता, मग ते बसवायला लागणारा वेळ, असं सगळं त्या चार तासांत कोंबायचं असतं. अशा दिवशी अक्का जेवायच्या नाहीत. ताकाचा पेला टेबलावर तसाच राहायचा.

त्यांची आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्या कुणाला खोटी आशा लावत नसत. डॉक्टर कधी गुळमुळीत बोलायचे, मीही भाषांतर करताना एखादं वाक्य मऊ करायचे. अक्कांना ते कळायचं. त्या मला थांबवून म्हणायच्या, जें आहे तें सांग. उद्यां यांना माझें तोंड पाहायचें आहे.

बार्शीकडची एक शिक्षिका आमच्याकडे आली ती ऐन उन्हाळ्यात. वय तिशीच्या आसपास, हृदय फुगून निकामी झालेलं. ती आणि तिचा नवरा रुग्णालयाजवळच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन राहिले. असे पुष्कळ लोक राहतात त्या गल्लीत. फोन आला की थोड्या वेळात दारात हजर राहायचं, म्हणून शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आधी इथल्या राज्यातल्या रुग्णांचा हक्क, मग बाहेरच्यांचा, त्यामुळे त्यांचा नंबर लागेना. दिवाळी तिथेच झाली. तिने खिडकीत एक पणती लावली होती. अक्का त्यांच्याकडे भाजलेल्या शेवयांचा उपमा घेऊन गेल्या, तर ती म्हणाली, अक्का, तुमची मराठी ऐकली की मला शाळेतल्या जुन्या कवितांचा तास आठवतो. अक्का हे सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

नोव्हेंबरात नागपूरहून निरोप आला. एक तरुण मुलगा, दुचाकीचा अपघात, डोक्याला मार. घरच्यांनी होकार दिला होता. महाराष्ट्रात त्या हृदयाला जुळणारा रुग्ण त्या वेळी नव्हता, आणि आमच्या शिक्षिकेला ते जुळत होतं. आमचे सर्जन छोट्या खास विमानाने सकाळीच नागपूरला गेले. दुपारी फोन आला, की हृदय उत्तम आहे, घेऊन निघालो. इकडे शिक्षिकेला आत नेलं. जाताना तिने नवऱ्याला सांगितलं की खोलीतला गॅस बंद केलाय का ते एकदा बघून ये.

हवामानाचा अंदाज पाऊस दुसऱ्या दिवशी येईल असा होता. तो त्याच दुपारी आला. तुम्ही चेन्नईचा नोव्हेंबर पाहिला असेल तर सांगायला नको. समुद्राकडून काळं काही तरी येतं आणि समोरची इमारत दिसेनाशी होते. विमान शहराच्या वर येऊन घिरट्या घालत राहिलं. उतरता येईना. विमानतळावर कुणाची चूक नव्हती, वैमानिकाचीही नव्हती. अक्का फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, कुणाला बोलल्या नाहीत. विमान तिरुपतीला वळवलं असं कळल्यावर त्यांनी तिरुपतीहून रुग्णवाहिका आणि दोन्ही राज्यांचे पोलीस यांची व्यवस्था लावली. ते सगळं झाल्यावर फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, आतां उपयोग नाहीं, तरी येऊं दे.

पेटी आली तेव्हा पाऊस थांबला होता. सर्जननी हृदय पाहिलं आणि मान हलवली. शिक्षिकेला भूल दिलेली होती, पण छाती उघडली नव्हती. तिला अतिदक्षता विभागात आणलं. तिच्या नवऱ्याला अक्कांनी स्वतः सांगितलं, एका दमात, काही न लपवता. तो त्यांचं ऐकून माझ्याकडे पाहू लागला. त्याला त्यांची मराठी नीट समजली नसावी, किंवा समजून घ्यायची नसावी. मग मला तेच पुन्हा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्या ऑपरेटरने एक फोन माझ्याकडे दिला. नागपूरहून कुणीतरी बोलतंय, मराठीशिवाय काही बोलत नाही, म्हणाली. पलीकडचा माणूस आधी, तुम्ही मराठी आहात का, असं दोनदा विचारून खात्री करून घेत होता. मग म्हणाला, मी त्या पोराचा बाप बोलून राहिलो. तिकडच्या पेपरात बातमी होती, की हृदय विमानाने चेन्नईला गेलं, म्हणून त्याने नंबर शोधून काढला होता.

‘पोचलं का जी ते?’ त्याने विचारलं.

देणाऱ्याच्या घरच्यांशी आम्ही बोलायचं नाही असा नियम आहे. मी फोनवर हात ठेवून अक्कांना सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या, माझ्या हातातून फोन घेतला, आणि थोडा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, त्या सगळं सांगतील. त्यांनी सांगितलं एवढंच:

‘होय. पोंचलें.’

फोन ठेवून त्या तोंड धुवायला गेल्या. परत आल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, त्याच्या मागें एक बाई रडत होती. आणि पोंचलें हें खोटें नाहीं, पोंचलें तर होतेंच, उशिरानें. हे त्या मला सांगत नव्हत्या. ते बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्या माणसाचे फोन येत राहिले. तो शिवणकाम करायचा, दुकान घरातच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना फोन करायचा आणि फार वेळ घ्यायचा नाही. ज्याला हृदय बसवलं तो चालतो का आता, जेवतो का, असं विचारायचा. नाव मला नको, गाव नको, म्हणायचा. अक्का ‘बरें आहे’ म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. तो त्यांना एकदा म्हणाला, की तुम्ही पोथीवानी बोलता जी, माझ्या बायकोला ऐकायला बरं वाटते. त्यानंतर तो फोन स्पीकरवर टाकू लागला. बायको ऐकत असायची, बोलायची नाही.

शिक्षिका डिसेंबरच्या शेवटी गेली. दुसरं हृदय मिळालं नाही. तिच्या नवऱ्याने खोली रिकामी केली, सामान फार नव्हतं. अक्का त्याला रेल्वे स्टेशनवर सोडायला गेल्या होत्या. त्याच आठवड्यात नागपूरचा फोन आला. मी अक्कांना खुणेने सांगितलं की मी घेते, काही तरी कारण सांगते. त्यांनी ऐकलं नाही. फोन घेतला, त्याने विचारलं, आणि त्या म्हणाल्या, बरें आहे. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या, एकाच जागी.

मी त्यांना म्हटलं, अक्का, हे थांबवा, नियमाचं कारण पुढे करा, नंबर बदलून घेऊ. त्यांनी मान डोलावली. पण थांबवलं नाही.

फेब्रुवारीत तो वेगळंच बोलला. मुलाचा वाढदिवस जवळ आला होता. तो प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात जाऊन चौकशी करून आला होता. मी आजवर समजत होतो चेन्नई म्हणजे जगाच्या टोकाला, म्हणाला, आणि तो दुकानातला पोरगा म्हणते, विमानानं पावणेदोन तास. आम्ही दोघं सकाळी येतो आणि संध्याकाळी परत जातो. कोणाला त्रास देणार नाही. फक्त त्याच्या आईला एकदा त्या माणसाच्या छातीला कान लावू द्या.

अक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘तुम्ही येऊं नका,’ त्या म्हणाल्या. ‘मी येतें.’

मला त्यांनी सोबत यायला सांगितलं. माझी मराठी त्यांना समजेल, पण वेळेला शब्द चुकला तर तूं पाहिजेस, म्हणाल्या. मी विमानाची तिकिटं काढू का विचारलं. त्या नको म्हणाल्या, आगगाडीनेच जाऊ. विमानात बोलणं जमवायला वेळ पुरणार नाही. ज्यांनी जन्मभर मिनिटं वाचवली त्या बाई रेल्वेच्या बाकावर खिडकीशी बसून विजयवाडा येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

विजयवाड्याच्या पुढे मला म्हणाल्या, ऐक, मी म्हणून पाहतें. आणि त्या मराठीत वाक्यं म्हणून पाहू लागल्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. ‘वाया गेलें’ असें म्हणतात कीं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हा शब्द वापरू नका. मग काय म्हणूं? उपयोगी पडलं नाही, म्हणा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, हें तर एखाद्या लोखंडी पान्ह्याविषयीं बोलल्यासारखें वाटतें. मी कामी आलं नाही असंही सुचवलं. तेही त्यांना पटलं नाही. बल्लारशा आलं तरी आम्हाला शब्द सापडला नव्हता. शेजारच्या बाकावरची बाई आम्हाला संत्री देत होती, तिला वाटलं आम्ही कसल्यातरी भाषणाची तयारी करतोय.

नागपूरला सकाळी उतरून, रिक्षा करून त्यांच्या गल्लीत गेलो. पुढे दुकान, मागे घर. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली शाळेची चड्डी होती. तो साठीकडे झुकलेला, बारीक, गळ्यात टेप टाकलेला माणूस. त्याने आम्हाला आत नेलं. आत भिंतीवर मुलाचा फोटो होता, हार घातलेला, आणि फोटोतला मुलगा उन्हामुळे डोळे बारीक करून हसत होता. त्याची आई चहा घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. बाप उत्साहात होता. त्याने आधी विचारलं, त्या माणसाचा एखादा फोटो आणला का, चेहरा नको, नुसते हात दिसले तरी चालतील.

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. गाडीत पाठ केलेलं त्यांना काही आठवलं नाही, किंवा त्यांनी ते टाकून दिलं. त्या सरळ म्हणाल्या, मी तुमच्याशीं खोटें बोललें. पाऊस आला, विमान उतरेना, पेटी उशिरा आली. हृदय कोणालाही बसवलें नाहीं. जिला बसवायचें होतें ती बाईही गेली.

बापाला आधी ते कळलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ते पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, पोचलं म्हणाल्या ना तुम्ही. होय, अक्का म्हणाल्या, पोंचलें, पण वेळ गेल्यावर. तो उठला, गळ्यातली टेप काढली, बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

‘काहून खोटं बोलल्या मग?’ त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. ‘मी काय मागितलं होतं तुम्हाले? पोचलं का एवढंच इचारलं. नाही म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं?’

तो म्हणाला, मी रोज हिला सांगत होतो, आपला पोरगा तिकडे कोणाच्या तरी अंगात चालून राहिला. रोज सांगत होतो जी.

मग त्याने विचारलं, बाकीचं तरी खरं आहे का. मूत्रपिंडं, डोळे, यकृत. अक्का म्हणाल्या, ते नागपुरातच वापरलं गेलं असं कागदोपत्री मला माहीत आहे, पण ते लोक कसे आहेत ते मला माहीत नाही. जें माहीत नाहीं तें मी आतां सांगणार नाहीं. हे ऐकून तो पुढच्या दुकानात निघून गेला. थोड्या वेळाने यंत्राचा आवाज सुरू झाला.

आम्ही उठलो. तेव्हा दाराशी उभी असलेली आई पहिल्यांदा बोलली.

‘मग ते कुठं गेलं?’

मला वाटलं, हे अक्कांना विचारायला नको होतं. त्यांनी मात्र खाली पाहिलं नाही. रुग्णालयाच्या नियमाने अशा गोष्टी जिथे जाळतात तिथे नेलें, त्या म्हणाल्या. कुणी जात नसतें तिथें. मी गेलें. सगळें होईपर्यंत उभी होतें. मग घरीं जाऊन डोक्यावरून स्नान केलें.

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी सरळ घरी गेले होते आणि त्याही गेल्या असतील असं धरून चालले होते.

‘डोक्यावरून?’ आईने विचारलं.

‘होय.’

ती बाई भिंतीला धरून हळूच खाली बसली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि आम्हाला म्हणाली, बसा, वरण-भात खाऊन जा. दुकानातलं यंत्र थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. आम्ही खाली बसून जेवलो. अक्कांनी पानातलं एक शीतसुद्धा ठेवलं नाही. निघताना बाप यंत्रावरून उठला नाही, आम्हीही त्याला हाक मारली नाही.

चेन्नईला परतल्यावर अक्कांनी विभागप्रमुखांकडे जाऊन सगळं स्वतः सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. देणाऱ्याच्या घरच्यांशी बोलणं, त्यांच्या घरी जाणं, हे सगळं नियमाबाहेरचं होतं आणि ते त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. नव्या मुलींना तो नियम त्याच शिकवायच्या. प्रमुख भले माणूस होते. त्यांनी अक्कांना विम्याच्या विभागात बदली देऊ केली. अक्का एक महिना तिथे बसल्या आणि मग नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. तिच्यासमोर दोन स्क्रीन असतात आणि विमानं त्यांवर हलताना दिसतात.

निरोपाचा कार्यक्रम अक्कांनी होऊ दिला नाही. मी एकदा अंबत्तूरला गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. बहिणीकडे जाऊन राहावं असं मनात आहे, म्हणाल्या. नागपूरचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. मला दाराशी सोडायला आल्या तेव्हा मात्र म्हणाल्या, त्या माणसानें आणखी दोन शब्द बोलायला पाहिजे होते मला. निदान ओरडायला.

जूनमध्ये एका सकाळी खालून स्वागतकक्षातून फोन आला, की कुणी मराठी गृहस्थ आलेत. खाली नागपूरचा तो बाप उभा होता, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. एकटाच विमानाने आला होता, संध्याकाळी परत जाणार होता. त्या बाई कुठं आहेत, त्याने विचारलं. त्या आता इथे नाहीत, मी सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि त्याला रिक्षाने अंबत्तूरला घेऊन निघाले.

वाटेत तो आपणहून बोलला. खिडकीची जागा मागून घेतली होती, म्हणाला. माझा पोरगा याच वाटेनं आला असंल म्हणून सगळ्या वाटेनं खाली पाहत होतो. ढगच होते जी. पुढे एका सिग्नलला म्हणाला, माझा राग गेला नाही, हे तुम्हाले सांगून ठेवतो. पण बायको ऐकेना. आपल्या लेकरासाठी आंघोळ केली त्या बाईनं, आणि घरून रिकाम्या हातानं गेली, म्हणते. हे तिनं शिवायले लावलं.

पिशवीत एक ब्लाउज होता, गर्द हिरवा, आणि त्याच्या घडीत हळदीकुंकवाची पुडी. मापं घेतली नव्हती, त्याने सांगितलं. त्या दिवशी समोर बसल्या होत्या तेव्हा पाहिलं होतं, तेवढ्यावरून अंदाजाने शिवलाय.

अक्कांचं दार बंद होतं. शेजारच्या दोन्ही दारांपुढे सकाळची रांगोळी होती, अक्कांच्या उंबऱ्यापुढे फरशी कोरडी. खालच्या मजल्यावरच्या मामींनी सांगितलं की त्या तंजावरला गेल्यात, मधूनमधून येतात. त्याने मला विचारलं, तिथे विमान जातं का. मी म्हटलं, तिरुचीपर्यंत जातं, पुढे रस्ता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मी पाठवून देते म्हटलं, तर तो नको म्हणाला. त्याने पिशवीचे बंद दाराच्या कडीला बांधले, नीट, दुहेरी गाठ मारून, आणि ओढून पाहिले.

त्याला विमानतळावर सोडून मी घरी आले. अक्कांना फोन केला तर लागला नाही, म्हणून निरोप लिहून पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही.

काही आठवड्यांनी मी त्या बाजूला गेले होते म्हणून वर जाऊन पाहिलं. पिशवी नव्हती. दार बंदच होतं. खालच्या मामी म्हणाल्या, अक्का येऊन गेल्या ना, मागच्या आठवड्यात, तंजावरच्या सकाळच्या गाडीने. पण गंमत बघ, म्हणाल्या, एवढ्या लांबून आल्या आणि कुलूप उघडलंच नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन दारातच बसून राहिल्या, दुपारपर्यंत. मी कॉफी नेऊन दिली ती प्यायल्या, आणि तशाच परत गेल्या.